व्हिला रोमाना देल कासाले : धनी कोण, या प्रश्नापलीकडे

सिसिली बेटाच्या पोटात, पियात्सा आर्मेरिना या डोंगरी गावापासून चार-पाच किलोमीटरवर, मांगोने डोंगराच्या पायथ्याशी चौथ्या शतकातला एक रोमन वाडा आहे. त्याची छपरे गेली, भिंतींवरची रंगवलेली चित्रे बरीचशी गेली, पण पायाखालची जमीन राहिली. ती सुमारे ३,५०० चौरस मीटर आहे, आपल्या हिशेबात साडेचौतीस गुंठे, आणि ही सगळी जमीन चित्रांची आहे. १९९७ साली युनेस्कोने ही वास्तू जागतिक वारसा यादीत घेतली ती मुख्यतः या जमिनीसाठी.

आपल्याकडे मोझेक म्हणजे सिमेंटात संगमरवराची खडी घालून, घासून गुळगुळीत केलेली फरशी. जुन्या चाळींत आणि शाळांत ती अजून आहे. इथला मोझेक वेगळा. दगडाचे आणि रंगीत काचेचे नखाएवढे चौकोनी खडे, एकेक करून, ओल्या चुन्याच्या थरात बसवायचे. थर सुकायच्या आत तेवढा तुकडा पुरा व्हायला हवा. वाघाच्या एका पट्ट्याला किती खडे लागले असतील याचा विचार केला की साडेचौतीस गुंठे हा आकडा वेगळाच वाटू लागतो.

या वाड्याबद्दल गेली सत्तर वर्षे जे लिहिले गेले, त्याचा मोठा भाग एकाच प्रश्नाने खाल्ला आहे: हा वाडा कुणाचा? प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्यावर झालेले काम मोलाचे आहे, म्हणून आधी त्याचाच आढावा घेतो. पण या फरशीला विचारण्याजोगा खरा प्रश्न तो नव्हे, असे माझे मत होत गेले आहे. ते का, हेही पुढे सांगतो.

अवशेष इथे आहेत हे गावकऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश वकिलातीतल्या रॉबर्ट फेगनने इथे खणले. १८८१ मध्ये पाप्पालार्दो या इंजिनिअरने भोजनगृहाचा काही भाग उघडा केला. शास्त्रशुद्ध काम १९२९ साली पाओलो ओर्सीने सुरू केले, तिसाच्या दशकात कुल्त्रेराने पुढे नेले. वाडा खऱ्या अर्थाने उजेडात आला तो मात्र १९५० नंतर, जिनो विनिचो जेन्तीली याच्या हाताखाली. दहाएक वर्षांत मातीचे प्रचंड ढीग हलले आणि दालनामागून दालन उघडे पडले. त्या घाईचे मोलही द्यावे लागले. वरच्या थरांत मध्ययुगातल्या वस्तीची घरे होती. ती बारकाईने न नोंदवताच काढली गेली. चित्रांपर्यंत पोचण्याच्या ओढीत त्या गावाचा इतिहास उचलून बाजूला टाकला गेला, याची खंत आज तिथे काम करणारे उत्खननकारही बाळगतात.

एवढे वैभव पाहून जेन्तीलीने अंदाज बांधला की हा धनी साधा असूच शकत नाही. त्याने नाव घेतले मॅक्सिमियनचे. डायोक्लेशनने साम्राज्याचा कारभार चौघांत वाटला, त्यातला हा पश्चिमेचा सम्राट. ३०५ साली तो पायउतार झाला. त्याची पदवी हर्क्युलियस, म्हणजे हर्क्युलीसचा. इकडे वाड्यातल्या तीन अर्धवर्तुळांच्या भोजनगृहात हर्क्युलीसच्या पराक्रमांचे भलेमोठे चित्र आहे आणि त्यात बाण लागून कोसळणारे राक्षस तडफडताना दिसतात. शिवाय वाड्यातल्या एका लांब दालनात एक दाढीवाला वयस्क पुरुष काठीवर रेलून उभा आहे. डोक्याला त्या काळच्या लष्करी अधिकाऱ्यांची चपटी गोल टोपी, दोन बाजूंना ढाली घेतलेले दोघे. हाच तो सम्राट, असे जेन्तीली म्हणाला. नॉर्वेचा थोर कलेतिहासकार हान्स पीटर लॉरांज याने या मताला वजन दिले आणि मग पर्यटनाच्या पुस्तकांतून मॅक्सिमियन इथे कायमचा राहायला आला.

या मताची पहिली अडचण लिखित साधनांत आहे. इतिहासकार युट्रोपियसच्या म्हणण्यानुसार मॅक्सिमियन निवृत्तीनंतर लुकानियात, म्हणजे इटलीच्या दक्षिणेला गेला. सिसिलीचा उल्लेख नाही. दुसरी अडचण तुलनेची आहे. त्याचा जोडीदार डायोक्लेशन निवृत्त होऊन राहिला तो आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिटमध्ये. तिथे उंच तटबंदी आहे, बुरूज आहेत, छावणीसारखे काटकोनात छेदणारे रस्ते आहेत. सम्राटाने बांधलेले घर कसे असते हे तिथे कळते. कासालेचा वाडा तसा नाही. तो उतारावर पायरी-पायरीने पसरलेला आहे: बाहेरच्या चौकातून न्हाणीघर, मग ओवऱ्यांनी वेढलेला आतला चौक, त्याच्या बाजूने खोल्या, वर मोठी बैठक, दक्षिणेला लंबवर्तुळाकार चौक आणि त्याच्या टोकाला भोजनगृह. तटबंदी कुठेच नाही.

मॅक्सिमियनला खरा धक्का दिला तो खापरांनी. सत्तरच्या दशकात आन्द्रेआ कारान्दिनी आणि सहकाऱ्यांनी भिंतींखालच्या व फरशांखालच्या थरांतली आफ्रिकी लाल मातीची भांडी तपासली. त्या भांड्यांचे आकार दशकागणिक बदलत गेलेले आहेत, म्हणून त्यांवरून काळ बऱ्यापैकी बांधता येतो. बांधकाम चौथ्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात सरकले. मॅक्सिमियन तर ३१० सालीच मेला होता. १९८२ मध्ये आलेल्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात धनी म्हणून पुढे आले ते ल्युसियस अरेडियस व्हॅलेरियस प्रोक्युलस याचे नाव. हा जुन्या सिनेटर घराण्यातला, काही काळ सिसिलीचा राज्यपाल आणि ३४० साली कॉन्सल. त्याआधी आणि नंतरही इतर नावे सुचवली गेली. आज बहुतेक अभ्यासकांचे एवढ्यावर एकमत आहे की धनी सम्राट नव्हे, रोममधल्या श्रीमंत सिनेटर वर्गातला कुणीतरी. मलाही तेच पटते, आणि त्याला इथल्याच प्रदेशातला एक सुंदर आधार आहे. रोमन इतिहासकार लिव्हीच्या ग्रंथाच्या जुन्या हस्तलिखितांत एक नोंद उतरत आली आहे: निकोमाकस फ्लेव्हियनस या सिनेटराने हा मजकूर एन्ना इथे बसून शुद्ध केला. एन्ना कासालेपासून तीसेक किलोमीटरवर. म्हणजे रोमची बडी घराणी या भागात जमिनी राखून होती, तिथे मुक्कामाला येत होती, आणि मुक्कामात पोथ्या तपासण्याइतकी निवांत होती.

त्यांना सिसिलीच का हवी होती, याचे उत्तर गव्हात आहे. ३३० साली कॉन्स्टँटिनोपल ही नवी राजधानी झाली आणि इजिप्तचा गहू तिकडे वळला. रोमचे पोट भरण्याचा भार उत्तर आफ्रिका आणि सिसिलीवर आला. ज्याच्याकडे इथली शेते, त्याच्या हाती शहराची चूल. वाड्याच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर सोफियाना नावाची जागा आहे. कतानिया ते अग्रिजेंतो रस्त्यावरचा हा रोमन मुक्काम जुन्या प्रवासनोंदींत फिलोसोफियाना म्हणून येतो, आणि ही सगळी जहागीर त्याच नावाची असावी असे मानतात. व्हिला या लॅटिन शब्दात हाच अर्थ आहे: शेतीच्या मध्यावरचा धन्याचा वाडा. आपण आज त्याला नुसता बंगला समजतो, तिथे चूक होते.

आता त्या लांब दालनात जाऊ. साठ मीटरहून लांब, पाच मीटर रुंद, आतल्या चौकातून बैठकीच्या दालनाकडे जाताना आडवे ओलांडावे लागणारे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच विषय: रोमच्या आखाड्यासाठी जनावरे पकडणे. चित्ते, सिंह, रानगाढवे, गेंडा, पाणघोडा. बैलगाडीवर चढवलेले पिंजरे. शहामृगांना कवेत धरून फळीवरून गलबतावर नेणारी माणसे. मधोमध, बैठकीच्या पायऱ्यांसमोर, दोन्हीकडून आलेली गलबते किनाऱ्याला लागून माल उतरवतात. ते इटली असावे. खडे बसवणाऱ्यांच्या शैली दोन दिसतात. काही भागात कपड्यांच्या चुण्या रेषारेषांच्या आणि ताठ, काही भागात अंगाला गोलाई आणि हालचाल. म्हणजे कारागिरांच्या दोन टोळ्या असाव्यात, बहुधा दोन्ही उत्तर आफ्रिकेतून आलेल्या, कारण असे विषय आणि अशी धाटणी कार्थेजच्या परिसरातल्या फरशांत जागोजाग सापडते.

या दालनात एक जागा अशी आहे की तिथे माणूस थांबतोच. घोडेस्वार वाघिणीचा बछडा पळवून गलबताकडे दौडतो आहे. वाघीण पाठलाग करते. स्वाराने मागे काचेचा गोळा टाकलेला आहे. वाघीण त्याच्याशी थांबली आहे, कारण गोळ्यात तिला आपलीच लहानशी प्रतिमा दिसते आणि ते आपले पिल्लू आहे असे तिला वाटते. मिलानचा बिशप अँब्रोज यानेही ही युक्ती वर्णन केली आहे, म्हणजे चौथ्या शतकात ती कथा सर्वतोमुखी असणार. चित्रात कारागिराने गोळ्यातले प्रतिबिंबही बसवले आहे: मोजक्या खड्यांत, मोठ्या वाघिणीच्या मानेखाली एक इवलीशी वाघीण. शिकारीच्या जयजयकाराच्या चित्रात एका आईची फसगत इतक्या जवळून दाखवणाऱ्या त्या माणसाच्या मनात काय होते?

जवळच, बंदरावर, हातात छडी घेतलेला मुकादम एका मजुराला मारतो आहे. पर्यटनाच्या पुस्तकांत याचा फोटो क्वचितच येतो.

या जनावरांची किंमत काय होती, याचा कागद आपल्याकडे आहे. ३०१ साली डायोक्लेशनने वस्तूंचे आणि मजुरीचे कमाल दर ठरवणारे फर्मान काढले, ते दगडांवर कोरले गेले आणि त्याचे तुकडे मिळालेले आहेत. त्यात पहिल्या प्रतीच्या सिंहाचा दर दीड लाख दिनार. फरशीचा मोझेक करणाऱ्या कारागिराची रोजची मजुरी जेवणासह ५० दिनार, शेतमजुराची २५. ज्या कारागिराने फरशीवर सिंह काढला, त्याला खरा सिंह घ्यायचा तर ३,००० दिवसांची मजुरी लागली असती: आठ वर्षे, एकही खाडा न करता. शेतमजुराला त्याच्या दुप्पट. हे कमाल दर आहेत, बाजारात नेमके काय चालत होते ते वेगळे. तरी प्रमाण पुरेसे बोलके आहे. आणि हे जनावर दिवसभराच्या खेळात मरण्यासाठीच आणलेले असे.

तरी सिनेटर हा खर्च का करत? पदावर चढताना खेळ भरवणे हे त्यांचे कर्तव्यच होते, आणि त्यात कमी पडणे म्हणजे अब्रू जाणे. सिमेकस या सिनेटराची पत्रे वाचावीत. मुलाच्या खेळांसाठी तो वर्षानुवर्षे घोडे, अस्वले, मगरी जमवत होता. एका पत्रात तो लिहितो की मगरी ५० दिवस अन्नाला तोंड लावायला तयार नाहीत. त्या पत्रांनंतर कासालेचे दालन पाहिले की ते शिकारीपेक्षा पुरवठ्याचे चित्र वाटू लागते: कुठून काय आले, कोणी बांधले, कोणी चढवले, कोणी देखरेख केली. धन्याने आपल्या आयुष्यातला सर्वात मोठा खर्च पाहुण्यांच्या पायाखाली कायम करून ठेवला होता. म्हणूनच सिनेटराचा पक्ष मला जड वाटतो. सम्राटाला असा हिशेब दाखवायची गरज नसते.

दालनाच्या दक्षिण टोकाला अर्धवर्तुळात एक सावळी स्त्री बसलेली आहे. हातात हस्तिदंत, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला वाघ, जवळ ज्वाळांतून उठणारा फिनिक्स पक्षी. बहुतेक जण तिला भारत म्हणतात. काहींना ती अरबस्तान किंवा इजिप्त वाटते. वाघ आणि हत्ती एकत्र असल्याने मला भारताचीच बाजू पटते. कारागिराने भारत पाहिला नसणार. त्याला माहीत होता तो हस्तिदंताचा, मसाल्यांचा, वाघांचा देश. उलट दिशेने रोमन जगाची चाहूल आपल्याकडेही आलेली होती. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. ती या वाड्याच्या खूप आधीची. दालनाच्या त्याच टोकाशी आणखी एक चित्र आहे ज्याचा अर्थ अजून लागलेला नाही. गरुडमुखी सिंहाने, ज्याला ग्रिफिन म्हणत आणि जो भारताकडे राहतो अशी त्यांची समजूत होती, एक पिंजरा पंजात धरला आहे. पिंजऱ्यातून एका मुलाचे डोके दिसते. मुलगा आमिष आहे की ही शिकाऱ्याची शिकार आहे, यावर बरेच लिहिले गेले. मी त्यात पडत नाही.

कासालेचे सर्वात प्रसिद्ध चित्र मात्र हे नव्हे. दोन तुकड्यांचे कपडे घातलेल्या दहा मुलींचे चित्र जगभर गेले आणि त्यांना बिकिनी हे नाव चिकटले. कपडा साधा कसरतीचा आहे. एकीच्या हातात वजने, एक थाळी फेकते, दोघी धावतात, दोघी चेंडू खेळतात, एकीला मुकुट आणि ताडाची फांदी मिळते आहे. एका कोपऱ्यात ही फरशी फुटलेली आहे आणि तिच्याखाली आधीची भौमितिक नक्षीची फरशी डोकावते. हा कोपरा मुलींइतकाच महत्त्वाचा आहे, कारण त्यावरून कळते की घर बांधून झाल्यावरही लोक ते बदलत राहिले. एका तारखेला पूर्ण झालेले असे घर नव्हतेच.

बाकीच्या खोल्यांत पोरांचे आणि पक्ष्यांचे राज्य आहे. एका खोलीत मुले पक्षी जुंपलेल्या गाड्यांची शर्यत लावतात: चार संघ, चार रंग, अगदी रोमच्या मोठ्या शर्यतींसारखे, घोड्यांच्या जागी हंस आणि रोहित. एका दालनात युलिसिस राक्षस पॉलिफीमसला द्राक्षासव देतो. राक्षसाच्या मांडीवर फाडलेला मेंढा आहे आणि त्याला एकऐवजी तीन डोळे आहेत. न्हाणीघराच्या वाटेवर घरची मालकीण दोन मुलांसह चालली आहे, सोबत दोन दासी, एकीच्या हातात कपडे, एकीच्या हातात पेटी. धन्याच्या नावावर पुस्तके लिहिली गेली. या दोघींवर कुणी पानभर लिहिलेले मला आढळले नाही.

बाराव्या शतकापर्यंत या अवशेषांत माणसे राहत होती. आधी अरब, मग नॉर्मन काळातली वस्ती. कासाले म्हणजे खेडे, तेच नाव उरले. ११६१ च्या सुमारास राजा पहिल्या विल्यमच्या काळातल्या बंडाळीत ती उद्ध्वस्त झाली आणि पुढे डोंगरावरून आलेल्या गाळाने सारे झाकले. गाळाने झाकले म्हणून फरशा वाचल्या. उघड्या केल्यावर त्यांचा धोका सुरू झाला.

१९५७ नंतर वास्तुविशारद फ्रांको मिनिस्सीने लोखंडी सांगाडा आणि पारदर्शक प्लास्टिकचे छप्पर उभारले. कल्पना सुंदर होती: जुन्या दालनांचे आकार हलक्या, पारदर्शक रेषांत पुन्हा दिसावेत. उन्हाळ्यात मात्र आतली हवा काचघरासारखी तापे, रात्री दव धरे, आणि क्षार वर येऊन खडे सुटू लागत. १९९१ साली पुराचा गाळ आत शिरला. मिनिस्सीचे काम वारसा म्हणून जपावे असे म्हणणारे होते, ते काढावे असे म्हणणारेही. शेवटी ते काढले गेले आणि लाकडी, तांब्याने मढवलेली नवी छपरे बसवून २०१२ मध्ये वाडा पुन्हा खुला झाला. मला हा निर्णय योग्य वाटतो. पण एक गोष्ट मनाला लागून राहते. आज पाहणारा उंच मार्गिकेवरून, पक्ष्याच्या नजरेने खाली बघतो. रोमन पाहुणा त्या वाघिणीवरून चालत गेला होता, आणि तिची नजर त्याच्या पायाच्या उंचीवर होती. चित्राचा रोख आपण काही अंशी हरवूनच बसलो आहोत.

२००४ पासून रोमच्या सापिएन्झा विद्यापीठाच्या पात्रित्सिओ पेन्साबेने यांच्या पथकाने वाड्याच्या दक्षिणेकडे लक्ष वळवले. जेन्तीलीने ज्यावरून हात फिरवला ती मध्ययुगीन घरे त्यांनी थर राखून खणली, आणि त्याखाली वाड्याची मोठी कोठारे व दुसरे न्हाणीघर मिळाले. सत्तर वर्षे धनी शोधणाऱ्यांनी चित्रांकडे पाहिले, पण ज्या गव्हावर ही चित्रे उभी राहिली तो ठेवला जात होता तो इकडे. मजुरांची राहण्याची जागा, खळी, भट्ट्या, शेतांचे बांध हे सारे अजून मातीखाली असावे, आणि मला त्यांची ओढ धन्याच्या नावापेक्षा जास्त आहे.

अलीकडे बोलोन्या विद्यापीठाचे विद्यार्थी आणि अभ्यासक या दक्षिणेच्या न्हाणीघरात काम करत आहेत. २०२५ च्या उन्हाळ्यात तिथल्या थंड पाण्याच्या दालनाच्या फरशीत एक साधे चित्र निघाले: अंगठ्याच्या चपलांचा जोड. उत्तर आफ्रिकेतल्या न्हाणीघरांच्या जमिनींवरही अशा चपला आढळतात, म्हणजे कारागीर समुद्रापलीकडून आले या समजुतीला आणखी एक दुजोरा. त्या चपला कुणाही न्हायला आलेल्याच्या पायांत बसल्या असत्या.